काटेवाली आणि धाकटं नाक

माणूस मेलाय की झोपलाय, हेच तिला आधी कळेना.

द्राक्षांच्या दोन ओळींमधे तो उताणा पडला होता. डोळे मिटलेले, एक हात पोटावर, आणि बुटांसकट दोन्ही पाय थेट रस्त्यात. जणू रस्ता याच्या आजोबांनीच बांधलाय! तिने हातातली पेटी धाडकन खाली ठेवली. तो हलला नाही. ती बघायला वाकली, तेवढ्यात त्याच्या तोंडातून फुर्रकन एक बी उडाली आणि तिच्या बुटावर येऊन बसली.

"अहो!"

"श्श... ऐकतोय."

"काय ऐकताय? मी अजून काही बोललेच नाही!"

"तुमचं नाही. बीचं." त्याने आणखी एक मणी तोंडात टाकला. दाताखाली कट्ट झालं. "ऐकलंत? गेल्या आठवड्यात नुसती चिरडायची. आज कट्ट म्हणतेय. म्हणजे आलीत."

"कोण आलीत?"

आता कुठे त्याने डोळे उघडले. खालून वर, सावकाश. धुळीने माखलेले बूट, खात्याचा खाकी कोट, कपाळाला चिकटलेले केस आणि रागाने लाल झालेलं तोंड.

"द्राक्षं," तो म्हणाला. "पण तुम्हीही आलायत म्हणा."

ती वजनमाप खात्याची निरीक्षक होती. वय सव्वीस. राग नाकाच्या शेंड्यावर, आणि राग नसला की तिथे प्रश्न. सकाळपासून दोन बस बदलून, धक्के खात ती या गावात उतरली होती. कारण इथल्या वाइनरीचा मोठा काटा तपासून, तो बरोबर निघाला तरच त्याला शिक्का मारायचा होता. शिक्क्याशिवाय द्राक्षांची तोडणी सुरू करता येत नाही. आणि परतीची बस होती थेट परवा.

"वाइनरी कुठे आहे?"

"वाइनरी आहे तिथेच आहे. किल्ली आत्याकडे आहे. आत्या झोपलीय."

"आता? दिवसाढवळ्या?"

"अख्खं गाव झोपलंय. तोडणी लागली की महिनाभर डोळ्याला डोळा नाही. म्हणून आधीचा आठवडा अकरा ते तीन सगळे झोप साठवतात." तो उठला, कपडे झटकले आणि न विचारताच तिची पेटी उचलली. उचलली म्हणजे काय, अर्ध्यात अडकला. "आईगं! काय आहे यात?"

"वजनं."

"ते कळतंय हाताला. पण कशाची?"

"वजनांचीच वजनं. वीस किलो. द्या इकडे, झेपत नाही तर."

"झेपतंय हो," तो दात आवळून म्हणाला आणि पुढे निघाला. एका खांद्याने इतका वाकडा झाला होता की मागून चालताना तिला हसू दाबावं लागलं.

गाव खरंच झोपलं होतं. दारं सताड उघडी, उंबऱ्याबाहेर चिखलाचे बूट जोडीने लावलेले, आणि माणूस एकही नाही. तळघरांच्या जमिनीलगतच्या खिडक्यांमधून गार हवा पायांवर यायची. तिला आंबूस, गोड, ओल्या लाकडासारखा वास आला. एका घराच्या भिंतीवर खडूने हे एवढं मोठं नाक काढलेलं होतं.

"हे काय?"

"आमचं घर," तो कसनुसा हसला. "माझ्या वडिलांना गाव थोरलं नाक म्हणतं. तोडणीचा दिवस तेच सांगायचे, चाळीस वर्षं. मणी मुठीत चिरडायचा, मूठ मिटून शंभर आकडे म्हणायचे, मूठ उघडून वास घ्यायचा. त्यांनी दिवस सांगितल्याशिवाय बावीस घरांपैकी एकही घर कात्रीला हात लावत नाही."

"आणि आता?"

"बाबांचे गुडघे गेले. उतार चढवत नाही. या वर्षीपासून मी." त्याने पेटी या हातातून त्या हातात घेतली. "धाकटं नाक."

तिने त्याच्या नाकाकडे बघितलं. सरळ, जरासं उन्हाने सोललेलं. बरं होतं. म्हणजे... नाक म्हणून बरं होतं.

*

आत्या उठली आणि गावाला जाग आली. आत्या म्हणजे त्याच्या वडिलांची बहीण, बापलेकांचं घर सांभाळणारी, आवाज असा की कोंबड्यांनीही धडा घ्यावा. काटेवाली बाई परवापर्यंत आपल्याकडेच राहणार, हे तिने कुणाला न विचारता ठरवून टाकलं.

"हात धू, पोरी, आणि बस. याच्याशी बोल. बोलायला बरा आहे, कामाला म्हणशील तर मला विचार."

स्वयंपाकघरात तो चुलीपासून हातभर अंतरावर बसून पाव कापत होता. चुलीकडे त्याची पाठ होती. ती खिडकीजवळ. तो सांगत होता की खालच्या उतारावर दिवसभर ऊन असतं, वरच्या उताराला दुपारनंतर टेकडीची सावली. ती प्रश्न विचारत होती, तो उत्तरं देत होता, आणि मधेच तिला करपल्याचा वास आला. तिने त्याच्याकडे बघितलं. तो पाव कापतोय. वास वाढला. तो हसून म्हणतोय, "अजून काही प्रश्न?"

"अरे, दूध!" अंगणातून आत्या ओरडत आली. "हाताशी पातेलं करपतंय आणि हा गप्पा हाणतोय! ते नाक वास घ्यायला आहे की नुसतं चष्मा ठेवायला?"

"मला चष्मा नाहीये, आत्या."

"म्हणजे तेवढाही उपयोग नाही!"

सगळे हसले. पण तिने एक गोष्ट टिपली. आत्या ओरडली तेव्हा त्याने पहिल्यांदा पातेल्याकडे बघितलंच नाही. त्याने हिच्याकडे बघितलं. चोरी पकडली गेली की नाही, हे बघतात तसं.

संध्याकाळी त्याने तिला तळघर दाखवलं. लाकडी पिंपं ओळीने आडवी, प्रत्येकावर खडूने काहीबाही लिहिलेलं. त्याने एका पिंपातून पेल्यात थोडी वाइन काढली, पेला गोल फिरवला, त्यात नाक घातलं.

"पिकलेलं अंजीर," तो डोळे मिटून म्हणाला. "थोडं ओलं लाकूड. मागून धूर."

"मला नुसता वाइनचा वास येतोय."

"सवयीने येतं."

"आणि त्या पिंपात?"

तो वळला, वाकला, आधी खडूची अक्षरं वाचली आणि मग पेला भरला.

"वाचून वास घेता?"

"वर्ष बघितलं फक्त." हसला. पण त्याचे कान लाल झाले होते.

तिच्या डोक्यात किडा वळवळायला लागला होता, आणि तिथे एकदा किडा शिरला की तो उत्तर घेऊनच बाहेर पडायचा.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने काटा उघडला. चांगला जुना, लोखंडी, माणूस उभा राहील एवढा. पात्यांवर गंज चढला होता म्हणून तिने बाटलीभर रॉकेल मागवलं आणि दोन तास घासत बसली. कोपरापर्यंत रॉकेल. आत्या डोकावली आणि पदर नाकाला लावून दारातूनच परत फिरली. "बाई गं, काडी ओढू नका कुणी, पोरगी भडकेल!"

ती हात पुसत असताना तो आला. अगदी शेजारी येऊन उभा राहिला. तिला मनगटं एकमेकांवर घासताना बघून म्हणाला, हळूच, जरासा लाजत—

"सेंट लावलाय वाटतं आज... छान आहे."

ती खो खो हसणार होती. हसू ओठांपर्यंत आलंही. मग तिने त्याच्या चेहऱ्याकडे बघितलं. थट्टा नव्हती. बिचारा खरंच कौतुक करत होता.

हसू तिथेच विरलं.

"हे रॉकेल आहे," ती म्हणाली.

तो एक पाऊल मागे सरकला.

"तुम्हाला वास येत नाही. ना दुधाचा, ना पिंपाचा, ना याचा. कधीपासून?"

बाहेर कुणीतरी टोपल्या धूत होतं. पाण्याचा आवाज येत राहिला. तो काट्याच्या लोखंडी फळीवर खाली बसला आणि काटा त्याच्या वजनाने कुरकुरला.

"थंडीत ताप आला होता," तो म्हणाला. "ताप गेला. जाताना हेही घेऊन गेला. वाटलं, येईल आठवड्याने. महिन्याने. आज सात महिने झाले."

"घरी?"

"कुणालाच माहीत नाही. बाबांनी चाळीस वर्षं एक गोष्ट जपली आणि माझ्या हातात ठेवली. त्यांना काय सांगू? तुम्ही दिलंत ते मी हरवलं?" त्याने मान खाली घातली. "आज पाचला सगळे इथे जमतील. मला दिवस सांगायचाय. बिया म्हणतात, उद्या तोडा. सगळं. ढगही येतायत, लोकांनाही घाई आहे. पण बिया फसवतात कधीकधी. चुकलो तर बावीस घरांची वर्षभराची वाइन पाण्यासारखी होईल."

"आणि तुम्ही उठून खुशाल सांगणार होतात? वास घेतला म्हणून?"

"...हो."

तिचा पारा चढला. "माझं कामच आहे खोटा काटा पकडायचं! खोट्यावर मी शिक्का मारत नाही, कळलं? समोर कुणीही असो—" आणि मधेच थांबली. कारण तो मान वर करून तिच्याकडे बघत होता, आणि त्या डोळ्यांत भांडण नव्हतं. नुसती थकलेली भीती होती. सात महिने एकट्याने सांभाळलेली.

तिने हात पुसले. साबणाने तीनदा धुतले.

"चला," ती म्हणाली. "उतारावर. माझं नाक चालतं."

"तुम्हाला वाइनमधलं काही कळत नाही!"

"मला वाइनमधलं कळत नाही. वासातलं कळतं. तुम्ही विचारा, मी सांगते."

*

खालच्या उतारावर ऊन तापलं होतं. त्याने मणी तोडून तिच्या तळव्यावर ठेवले आणि तिची बोटं एकेक करून मिटली. पहिल्यांदा घाईत. मग... तेवढ्या घाईत नाही.

"चिरडा. आता शंभर म्हणायचे."

शंभर होईपर्यंत दोघं एकमेकांच्या समोर उभे. दुसरीकडे बघायला जागा होती, पण कुणी बघितलं नाही. सत्तरच्या आसपास ती आकडा विसरली.

"साठ," तिने ठोकून दिलं.

"साठ मघाशीच झाले."

"मग विचारता कशाला?"

"मी कुठे काही विचारलं?"

मूठ उघडली. रस बोटांमधून मनगटाकडे ओघळला. तिने वास घेतला. "गोड. म्हणजे... साखरेसारखं नाही. उन्हात ठेवलेल्या जुन्या पुस्तकासारखं. आणि मागे काहीतरी काळं. गरम."

"काळं कसं? जळकं की पिकलेलं?"

"पिकलेलं. जांभळाच्या झाडाखाली पडलेलं असतं तसं."

त्याचे डोळे चमकले. "हा तयार आहे!"

मग वरचा उतार. सावली, वारा. त्याने बी चावली, कट्ट वाजली. "हाही तयार." तरी त्याने मणी तिच्या मुठीत ठेवले. शंभर झाले. तिने वास घेतला आणि नाक मुरडलं.

"कापलेलं गवत."

"नक्की?"

"ओलं. नुकतं कापलेलं. आणि कच्च्या शेंगेसारखं काहीतरी."

आणखी चार ओळी, आणखी चार मुठी. सगळीकडे गवत. बी त्याला खरंच फसवत होती. तो मट्कन मातीत बसला. "मी अख्खं गाव उद्या तोडायला लावलं असतं..."

ती शेजारी बसली. हात चिकट झाला होता. त्याने आपला रुमाल पाण्याने भिजवला आणि तिचा तळवा पुसायला घेतला. पुसून झालं तरी सोडला नाही. मग खाली वाकून तळव्याजवळ नाक नेलं, अगदी जवळ. श्वास घेतला. थांबला.

"काही नाही," तो म्हणाला. "एवढ्या जवळून... काहीच नाही. तुमचा वास कसा आहे, हे मला कधी कळणार नाही."

"मी सांगते ना. रॉकेल, साबण आणि संताप."

तो हसला. तिचा हात अजून त्याच्या हातातच होता.

"मी पाचला काय सांगू?" त्याने विचारलं.

"जे खरं आहे ते."

"सगळं?"

ती उत्तर देऊ शकली असती. दिलं नाही. त्याचं नाक, त्याचे वडील, त्याचं गाव. वजन ज्याने उचलायचं त्यानेच उचलावं लागतं, हे तिच्याइतकं कुणाला माहीत असणार?

*

पाचला वाइनरीत पाय ठेवायला जागा नव्हती. समोर खुर्चीत थोरलं नाक. गुडघ्यांवर शाल, चेहरा असा की हसला तर बातमी व्हावी. ती काट्यापाशी उभी होती. काटा बरोबर निघाला होता. शिक्का हातात.

तो पुढे आला. आवाज बारीक होता. "खालचा उतार उद्या. वरचा... नऊ दिवसांनी."

एकच गलका उठला.

"दोन तोडण्या? असं कधी झालंय का?" बेकरीवाल्याची बाग वर होती, तो तडक पुढे आला. "डोक्यावर ढग बघ! नऊ दिवसांत पाऊस झाला तर माझे घड सडतील, तू येणारेस का पुसायला? नीट वास घेतलास ना?"

हो म्हटलं असतं तर संपलं असतं. एक शब्द. तिने श्वास धरला. त्याने तिच्याकडे बघितलं. तिने मान हलवली नाही, खूण केली नाही. नुसतं बघत राहिली.

"नाही घेतला," तो म्हणाला. "मला वास येत नाही. सात महिने झाले. मी लपवलं. हे यांच्या नाकाने कळलंय, काटेवाल्या बाईंच्या. बिया मी चावल्या, वास त्यांनी घेतला. वरची द्राक्षं कच्ची आहेत. माझ्यावर विश्वास ठेवू नका हवं तर... पण उद्या वर कात्री लावू नका."

आत्याच्या तोंडावर हात. त्याने वडिलांकडे बघायची हिंमत केली नाही.

"ए पोरी," थोरल्या नाकाने हाक मारली. "वरचा घड आणलास का?"

तिने उतारावरून आणलेल्या टोपलीतून काढला.

"चिरड. हात इकडे."

तिने मूठ मिटली. म्हाताऱ्याने शंभर आकडे मनातल्या मनात मोजले, सगळ्या गावाला ताटकळत ठेवून. मग तिचं मनगट धरलं, मूठ नाकाशी नेली, डोळे मिटले.

"गवत," तो म्हणाला. "पोरीचं नाक चांगलं आहे. पण नऊ नाही, अकरा दिवस."

"बाबा..."

"काय बाबा? गुडघे गेलेत माझे, नाक नाही गेलं! घड आणून मांडीवर टाकायचा होतास, गाढवा. सात महिने एकटाच झुरत बसलास? मी कधीपासून नुसता खुर्चीत बसून माश्या मारतोय!" आवाज चढला होता, पण हात मुलाच्या मनगटाशी गेला आणि तिथेच राहिला. "बिया तू चावायच्यास. चढ-उतार तुझे. वास माझा. आणि बेकरीवाल्या, पाऊस पडला तर पडेल. कच्च्याची वाइन करून मी कुणाला तोंड दाखवणार नाही."

बेकरीवाला पुटपुटला, पण टोपी काढून बसला. तिने शिक्का काट्यावर टेकवला आणि हातोडीचा एक घाव घातला. टण्ण! गाव दचकलं आणि मग हसायला लागलं.

*

सकाळी खालच्या उतारावर कात्र्यांची कटकट सुरू झाली होती. पहिल्या टोपल्या काट्यावर चढत होत्या. बस फाट्यावर येऊन उभी, ड्रायव्हर हॉर्नवर हॉर्न. तो तिची पेटी उचलून धावत आला. आज जरा कमी वाकडा.

"अकरा दिवस कुठे असाल तुम्ही?"

"सात गावं आहेत. सात काटे."

"मग परत शहरात?"

"मग परत शहरात."

"हं." त्याने पेटी बसमधे चढवली. खाली उतरला. बोटांना जांभळा रस लागलेला, केसांत पान अडकलेलं. "बाबांचं नाक आहे आता. म्हणजे... वरच्या उतारासाठी तुमची गरज नाही तशी."

"नाही ना."

"नाहीच. द्राक्षांना नाही. मलाच आहे. काल पाचला मी सगळ्या गावाकडे पाठ करून तुमच्याकडे बघत होतो, कळलं ना? तुम्ही नसतात तर मी खोटं बोललो असतो. आणि आयुष्यभर बोलत राहिलो असतो. मला तुम्ही... आवडता. रॉकेलसकट."

ड्रायव्हरने पुन्हा हॉर्न मारला. "ओ बाई! चढताय की लग्न लावूनच येताय?"

"थांबा हो जरा!" ती अशी खेकसली की ड्रायव्हरने हात स्टिअरिंगवरून काढून मांडीवर ठेवले. मग तिने पिशवीतून तपासणीचा कागद काढला, बसच्या पत्र्यावर टेकवून शेवटच्या रकान्यात काहीतरी खरडलं आणि गावची प्रत त्याच्या हातात कोंबली.

त्याने वाचलं. 'फेरतपासणी : अकरा दिवसांनी.'

"पण... काटा तर बरोबर आहे ना?"

"अगदी बरोबर आहे."

"मग फेरतपासणी कशाला?"

"नियम आहे. निरीक्षकाला गरज वाटल्यास पुन्हा येता येतं." ती बसच्या पायरीवर चढली. कान गरम झालेले तिला स्वतःलाच कळत होते. "आणि मला गरज वाटतेय."

"कशाची?"

बस हलली. तो कागद धरून दोन पावलं सोबत धावला. ती दारातून बाहेर वाकली आणि पहिल्यांदाच त्याला अरे-तुरे करत ओरडली—

"कारण लिहायला रकाना नाहीये रे त्यात! आल्यावर सांगते तुला!"